कोणत्या गावचा उंदीर

जुसू : ...तर त्या दिवशी मी शेत जाळत होतो. तारीख विचारशील तर मला सांगता येणार नाही. आमच्या तोंगेमात सगळ्यांनी मिळून जाळायचा दिवस ठरला होता, तो दिवस.

तेवा : तारीख माझ्याकडे आहे, पा जुसू. मी बाइंदूताईंचा ताप कधी सुरू झाला ते विचारत होते.

जुसू : तिकडेच येतोय. मधे बोलू नकोस, पोरी, मग मला धागा सापडत नाही. धूर इतका होता की मोटरसायकलवाला कुठून आला ते दिसलंच नाही. नुसता आवाज आला. त्यानं विचारलं, बाइंदूचा नवरा कोण? मी म्हणालो, मी, पण जरा थांब, वारा फिरतोय, एवढी कड विझवतो आणि येतो तुझ्यामागे इस्पितळात. तो म्हणाला, आता घाई नाही. तेव्हा कळलं.

मोइवो : आणि तरी तू कड विझवलीस.

जुसू : विझवली. शेजारी लाहाईची कोकोची झाडं होती. ती जळली असती तर तू भरून दिली असतीस? तू कोण लागून गेलास, मोइवो? फौजदार?

मोइवो : मी उंदीर पकडणारा. इस्पितळाची गाडी चालवतो आणि उंदीर पकडतो. तुझ्या घरात चार पकडले, विसरलास?

जुसू : विसरेन कसा? शेंगदाण्याचं वाटण आणि सुकी मासळी! माझ्याच घरात मला मिळत नाही असलं जेवण तू उंदरांना वाढलंस.

तेवा : पा जुसू, ताप.

जुसू : बाइंदू आईकडून परत आली, त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी. आईचा पाय सुजला म्हणून गेली होती फालाहूनला. पाच दिवस राहिली. पाच दिवस म्हातारीनं तिला रानउंदराचं मिरचीवालं कालवण घातलं. आली ती बरी होती. मग ताप, मग घसा, मग तोंड सुजलं. तुम्ही इस्पितळात घेतलंत. पुढचं तुला ठाऊक आहे.

तेवा : हो.

जुसू : मग आता कागद दे. शनिवारी गावप्रमुखापुढे बसायचंय. मी सांगितलंय, बाइंदूला नेणारा लासा, हा उंदरांचा ताप, म्हातारीच्या घरातून आला. ती म्हणते, नाही. प्रमुख म्हणाला, इस्पितळाचा कागद आण, शिक्क्याचा. कागद तसा निघाला तर म्हातारीनं तोंगेमात पाय ठेवायचा नाही, आणि नात तिच्याकडे जाणार नाही. सरळ काम आहे. उठाठेव कशाला?

तेवा : सरळ नाही ना. म्हातारीच्या घरात एक उंदीर मिळाला, त्याच्या अंगात लासा होता.

जुसू : मग झालं तर!

तेवा : तुमच्या घरातल्या चारांपैकी दोघांच्या अंगातही होता.

जुसू : उंदीर कुणाच्या घरात नसतात? पण आम्ही ते खात नाही. ती खाते.

मोइवो : मीही खातो.

जुसू : मग खुर्ची तिकडे सरकव.

मोइवो : सरकवली. आता ऐक तिचं. ही पोरगी सकाळपासून तुझ्यासाठी नळ्या मांडून बसलीय.

जुसू : कसल्या नळ्या? हे लाल काय आहे, पाम तेल?

तेवा : सोनं.

जुसू : काय?

तेवा : सोनं आहे, पा. पाण्यात.

जुसू : पोरी, लग्नाआधी मी बारा उन्हाळे नदीत सोनं धुतलंय. कमरेपर्यंत पाण्यात. पिवळं सोनं पाहिलंय, पांढुरकं पाहिलंय, वाळूला चिकटलेलं काळपट पाहिलंय. लाल सोनं कुणी पाहिलेलं नाही. तुला कुणीतरी फसवलंय.

मोइवो : बघ, तेवा, मी म्हणालो होतो. हा तुझं सोनं दाताखाली धरून बघेल.

तेवा : तुम्ही धुवायचात त्यातला सगळ्यात बारीक कण केवढा?

जुसू : केवढा म्हणजे? ओल्या बोटाला लागला तर दिसेल, फुंकलं तर जाईल, एवढा.

तेवा : तो कण घ्या आणि त्याचे तुकडे करत जा. इतके की सगळ्या तोंगेमातल्या माणसांनी जन्मभर मोजले तरी संपायचे नाहीत. तेवढ्या बारीक तुकड्यांवर उजेड वेगळा पडतो. पिवळेपणा जातो, लाल दिसतं.

जुसू : खाली बसत नाही?

तेवा : नाही.

जुसू : सोनं खाली बसत नाही? आमचं सगळं धुणंच त्यावर चालायचं. वाळू वाहून जाते, सोनं खाली बसतं.

तेवा : एवढं बारीक असलं की पाण्यात तरंगत राहतं. एकमेकांपासून लांब लांब असतं तोवर लाल. कशानं तरी जवळ ओढलं गेलं की जांभळं.

जुसू : कशानं ओढायचं?

तेवा : बाइंदूताईंच्या रक्तातल्या विषाणूनं.

जुसू : ह्या नळीत बाइंदूचं रक्त आहे?

तेवा : नाही. रक्त आतल्या खोलीत, कुलपात आहे. विषाणूच्या अंगात एक लांब ओळ असते, अक्षरांची. त्या ओळीच्या एका तुकड्याची आम्ही नक्कल काढतो. त्या नकलेनं कुणाला काही होत नाही. इथं फक्त तेवढीच.

जुसू : हां. मग चालेल. नाहीतर मी हात लावला नसता.

तेवा : सोन्याच्या प्रत्येक कणाला मी एक दोरा बांधलाय. दोऱ्यावरही अक्षरं आहेत. ती त्या नकलेला जुळली की दोरा तिला चिकटतो. इकडून एक कण चिकटतो, तिकडून दुसरा, आणि दोघं जवळ येतात.

जुसू : असे सगळे कण जवळ आले की जांभळं.

तेवा : बरोबर.

मोइवो : मला हे समजायला दोन महिने लागले.

जुसू : तू उंदरांत राहतोस.

तेवा : आता ऐका, पा, खरी गोष्ट इथं आहे. फालाहूनच्या उंदरातला लासा आणि तोंगेमाच्या उंदरातला लासा, दोन्ही लासाच. पण ओळ अगदी तीच नाही. ह्या तुकड्यात दोन अक्षरांचा फरक आहे.

जुसू : का म्हणून? दोन गावांत फार तर अर्ध्या दिवसाची वाट आहे.

तेवा : माणसाला. मधे नदी आहे. घरातला उंदीर नदी ओलांडत नाही. फालाहूनचा फालाहूनमध्येच जन्मतो, तिथंच मरतो. त्याच्या अंगातला विषाणू तिथंच स्वतःच्या नकला काढत राहतो. आणि नक्कल काढताना कधीतरी चुकतो.

जुसू : आणि पुढची नक्कल त्या चुकलेल्यावरूनच निघते.

तेवा : ...हो. तुम्हाला कुणी सांगितलं हे?

जुसू : सांगायला कशाला हवं? लहानपणी आम्ही उस्तादाकडे लाकडी पाटीवर कुराणातल्या आयती लिहायचो. शेजारच्या पाटीवरून बघून. पुढच्यानं चूक केली की मागच्या सगळ्यांची तीच चूक. पलीकडच्या गावच्या उस्तादाकडची पोरं वेगळीच चूक करायची. चूक बघून कळायचं, हे पोर कुठल्या पाटीवरचं.

मोइवो : तेवा, तुझी नोकरी गेली. ह्यालाच बसव खुर्चीवर.

तेवा : पा, मी हे इतकी वर्षं शिकले, मला इतक्या थोडक्यात सांगता येत नाही.

जुसू : म्हणजे तू बाइंदूच्या विषाणूची चूक बघणार. आणि सांगणार, ती फालाहूनची की तोंगेमाची.

तेवा : तेच. एका नळीत फालाहूनच्या ओळीचे दोरे, दुसरीत तोंगेमाच्या. दोन्हींत आत्ता बाइंदूताईंची नक्कल घालते. तिसरीत नक्कल घालतच नाही, ती लालच राहायला हवी. काल मी हे एकदा केलंय, त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. पण नुसता कागद दिला तर तुम्ही म्हणाल, पोरीनं काहीतरी खरडलं. म्हणून तुमच्यासमोर पुन्हा. कोणतं झाकण कोणत्या गावाचं ते ह्या चिठ्ठीवर लिहिलंय. चिठ्ठी पालथी ठेवते. रंग तुम्ही सांगायचा.

जुसू : मी? मला वाचता येत नाही नीट.

तेवा : रंग दिसतो ना?

जुसू : सोन्याचा रंग मला दिसतो.

तेवा : मग बघा. मागे पांढरा कागद धरते.

जुसू : पांढऱ्या झाकणाची लाल. पिवळ्या झाकणाची... जांभळी. निळ्या झाकणाची पण जांभळी. दोन्ही जांभळ्या! हे काय झालं? दोन्ही गावांचा चिकटला?

तेवा : दोन अक्षरं चुकली तरी बाकीची जुळतात ना. चिकटतं, पण घट्ट नाही. मोइवोकाका, तुमचं जाकीट दाखवा.

मोइवो : माझ्या जाकिटाचं काय काढलंस आता?

तेवा : चेन दाखवा.

मोइवो : दोन दात तुटलेत. लागते पण.

तेवा : लागते. पा, ओढा ती दोन्हीकडून.

मोइवो : अरे हळू! ...गेली. पुन्हा उघडली. इस्पितळानं मला नवं जाकीट द्यावं.

जुसू : माझ्या पिशवीची चेन बघ. सगळे दात आहेत. ही ओढून सुटत नाही.

तेवा : तसंच. इथं मी हातानं ओढत नाही, गरम करते. हा ठोकळा थोडा थोडा तापत जातो. सगळी अक्षरं जुळलेली असली की दोरा जास्त उष्णतेपर्यंत धरून राहतो. दोन चुकलेली असली की आधीच सुटतो. सुटला की कण लांब गेले, आणि पुन्हा लाल.

जुसू : सुरू कर.

तेवा : पंचेचाळीस अंश.

मोइवो : हे उकळणार का? मला चहा हवाय.

तेवा : पन्नास.

जुसू : दोन्ही जांभळ्या. हलू नकोस रे, कागदावर तुझी सावली पडते.

तेवा : बावन्न. त्रेपन्न.

जुसू : थांब. पिवळी... पिवळी वरून उजळतेय. हो. लाल! पिवळ्या झाकणाची लाल झाली! एका दमात झाली, हळूहळू नाही. पाहिलंस, मोइवो?

मोइवो : पाहिलं.

तेवा : चोपन्न लिहिते. निळी?

जुसू : निळी जांभळी. चिठ्ठी उलट. पिवळी कुणाची?

तेवा : निळी अजून व्हायचीय.

जुसू : निळीचं राहू दे. पिवळी कुणाची ते सांग.

तेवा : फालाहूनची.

जुसू : बघ! बघ! मी दोन महिने काय ओरडत होतो? सापडली म्हातारी! लाल झाली ती फालाहूनची! लिही. मोठ्या अक्षरांत लिही, शिक्का मार. शनिवारी सगळ्यांसमोर...

मोइवो : जुसू.

जुसू : तू साक्षीला ये. तू पाहिलंस.

मोइवो : जुसू, माझी चेन आधी सुटली. तुझी सुटली नाही.

जुसू : मग?

तेवा : अठ्ठावन्न. एकोणसाठ.

जुसू : मग काय?

तेवा : पा, तुम्हीच म्हणालात. सगळे दात आहेत, ती ओढून सुटत नाही.

जुसू : (पिशवीची चेन पुन्हा ओढतो.) नाही सुटत.

तेवा : साठ. एकसष्ट. निळीकडे बघा.

जुसू : झाली. आत्ता लाल झाली.

तेवा : एकसष्ट.

जुसू : निळी आमची.

तेवा : हो. तोंगेमाची. तुमच्या घरातल्या दोन उंदरांवरून मी ते दोरे बनवले.

(ठोकळ्याचा पंखा फिरत राहतो.)

जुसू : एकच तुकडा बघितलास तू.

तेवा : तीन बघितले. वेगवेगळ्या जागचे. तिन्हींत असंच.

जुसू : तुझं यंत्र चुकत नाही?

तेवा : चुकू शकतं. म्हणून तीन. म्हणून तिसरी नळी. म्हणून काल आणि आज. विषाणू कोणत्या दिवशी शिरला, ते हे सांगू शकत नाही. कोणत्या उंदरांचा, एवढंच सांगतं.

जुसू : तिनं कालवण खाल्लं होतं. मी तिच्या तोंडून ऐकलंय.

तेवा : खाल्लं असेल. त्यानं झालेलं नाही.

जुसू : मोइवो, माझ्या घरात कुठं मिळाले तुला?

मोइवो : दोन चुलीच्या खोपटात. त्यांच्यात काही नव्हतं. दोन तुझ्या झोपायच्या खोलीत, पलंगाखाली. बियाण्याच्या पोत्यामागे. त्या दोघांतच होता.

तेवा : बियाणं पलंगाखाली? सगळे चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात ना? धुरात?

जुसू : माझ्या बापानंही तिथंच ठेवलं. मीही. धुरात किडा लागत नाही, उंदीर येत नाही.

तेवा : मग ह्या वर्षी?

जुसू : ह्या वर्षी पीक अर्धं आलं. चुलीचं खोपटं उघडं असतं, येणारा जाणारा तिथंच बसतो. मान वर केली की पोतं दिसतं. पोतं दिसलं की माणूस मागतो. चुलता मागतो, भाचा मागतो. नाही म्हणता येत नाही. दिसलंच नाही तर कुणी मागत नाही. म्हणून आत आणलं.

मोइवो : आणि आम्हाला वाटलं, तुझं बियाणं संपलं. मी तुला एक टोपली देऊ केली होती.

जुसू : मी घेतली.

मोइवो : घेतलीस! वा रे पठ्ठ्या!

जुसू : बाइंदू म्हणाली होती, उंदीर येतील. मी म्हणालो, मांजर आणू. आणलं नाही.

तेवा : पा, उंदरांची घाण पडत असेल खोलीत. झाडायचं कोण?

जुसू : तीच. रोज सकाळी. पलंगाखाली वाकून. धूळ उडायची म्हणून मी बाहेर जाऊन बसायचो. तू हे का विचारतेस?

तेवा : कागदावर लिहावं लागतं.

जुसू : धुळीतून होतं?

तेवा : होतं. कोरडं झाडलं की उडतं, नाकातोंडात जातं.

जुसू : मग मला का नाही झालं? त्याच पलंगावर मी झोपत होतो.

तेवा : झालंही असेल. पाचांतल्या चौघांना थोडी कणकण येते आणि जाते, कळतही नाही. तुमचं रक्त घेतलं तर सांगता येईल.

जुसू : नको. आज नको. पोराला सांगतात तसं सांगू नकोस मला, खरं सांग. मी पोतं माळ्यावरच ठेवलं असतं, तर?

तेवा : ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. नळीत तेवढं दिसत नाही.

जुसू : बरं झालं, माहीत नाही म्हणालीस. तू उगाच काही बोलली असतीस तर मी उठून गेलो असतो.

मोइवो : जुसू, एक सांगू? कागद घ्यायलाच हवा असं नाही. तेवा कुणाला बोलणार नाही, इस्पितळाच्या नियमानं तिला बोलताच येत नाही. मी नुसती गाडी चालवतो. शनिवारी जाऊन म्हण, इस्पितळाला काही कळलं नाही. प्रमुख हात झटकेल. म्हातारी सुटेल, तूही सुटशील.

जुसू : म्हातारी सुटेल?

मोइवो : तिच्यावर काही शाबीत तर होणार नाही.

जुसू : तू फालाहूनला गेला होतास ना, सापळे लावायला? तिच्या दारात बाया येतात?

मोइवो : नाही.

जुसू : तिच्या विहिरीवर?

मोइवो : ती सगळ्यांचं झाल्यावर जाते. तिचा तांदूळ बाजारात कुणी घेत नाही. म्हणतात, त्या घरातला.

जुसू : हे मी केलं. मी चौकात उभं राहून बोललो. इस्पितळाला काही कळलं नाही असं म्हटलं, तर माझंच बोलणं राहील.

मोइवो : आणि खरं म्हटलंस तर तुझ्या दारात बाया येणार नाहीत. तुझ्या पोरीचा तांदूळ कुणी घेणार नाही. विचार कर.

जुसू : तेवा, हे घरातून घरात चिकटतं? पोरीमुळे कुणाला होईल?

तेवा : नाही. तिला काही नाही, एकवीस दिवस आम्ही रोज ताप बघितला. घर मात्र साफ करायला हवं. फरशी आधी ओली करायची, मग झाडायची. भोकं बुजवायची. धान्य झाकणाच्या पिंपात. मी आणि मोइवोकाका येऊ.

जुसू : सगळ्या गावात करा. माझ्याच घरात केलंत तर लोक दारावर खूण मारतील.

तेवा : सगळ्या गावात करू. फालाहूनमध्येही.

जुसू : आणि कागद लिही. आपल्या भाषेत लिही, म्हणजे प्रमुखाचा कारकून मोठ्यानं वाचेल आणि मधे इंग्रजीची सबब काढणार नाही. आकडे घाल. चोपन्न आणि एकसष्ट. पोतं कुठं होतं तेही घाल.

तेवा : पोत्याचं लिहायला लागत नाही, पा. कोणत्या गावचा उंदीर एवढंच पुरे.

जुसू : तोंगेमात चाळीस घरं आहेत. एवढंच लिहिलंस तर सगळे एकमेकांच्या घराकडे बघत बसतील. घर माझं आहे असं लिही.

मोइवो : शनिवारी मी येईन. साक्षीला नाही, नुसता बसायला.

जुसू : जाकीट घालून येऊ नकोस.

तेवा : शिक्का मारलाय. ओला आहे, दुमडू नका.

जुसू : तेवा, शनिवारपर्यंत म्हातारीनं हे दुसऱ्या कुणाकडून ऐकायला नको. उद्या सकाळी फालाहूनला जातो.

तेवा : मी येऊ बरोबर? ह्या नळ्यांचं मी सांगेन.

जुसू : नळ्यांचं मी सांगेन. बाकीचं कसं सांगायचं ते मला येत नाही, आणि ते तुलाही येणार नाही.

मोइवो : कोलाच्या बिया घेऊन जा. रिकाम्या हातानं माफी मागू नये.

जुसू : ती दार उघडेल का, तेच ठाऊक नाही. बाइंदू गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, जेवण घालतात तेव्हा, ती आली होती. डोक्यावर भाताचं पातेलं, सुजलेला पाय ओढत, नदी ओलांडून. आईनं स्वतःच्या हातानं लेकीच्या नावानं भात वाढायचा असतो. मी तिला वेशीवर अडवलं आणि परत पाठवलं.

तेवा : मग चाळिसावा झालाच नाही?

जुसू : आमच्या बाजूच्या लोकांनी वाढलं, खाल्लं, उठले. बाइंदूच्या आईचा भात अजून वाढायचा राहिलाय.